पुढची सीट

ऑस्ट्रेलिया ट्रिप म्हटलं की मित्रमंडळींना सिडनीच्या ऑपेरा हाउससमोरचे फोटो हवे असतात. माझ्या फोटोंत आहेत तोंडावर माश्यांची जाळी चढवलेले आई-बाबा आणि मागे क्षितिजापर्यंत लालभडक माती!

दादा ॲडलेडला असतो. आउटबॅकमध्ये शहाणी माणसं तिकडच्या हिवाळ्यात जातात. पण चिकूला सुट्टी जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात. मग काय, दादानं भाड्याचा कॅरॅव्हॅन सेव्हन-सीटरला जोडला आणि आम्ही सहा जण स्टुअर्ट हायवेला लागलो. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, 2,700 किलोमीटरहून लांब रस्ता. आम्ही जाणार होतो फक्त कूबर पीडीपर्यंत.

पहिला मुक्काम सॉलिड झाला. कॅरॅव्हॅनच्या गॅसवर आईचं पिठलं-भात, डोक्यावर मुठीमुठीनं उधळल्यासारख्या चांदण्या. बाबा फोल्डिंग खुर्चीत बसून हळूच म्हणाले, ‘‘उद्या मी चालवू का थोडी?’’

बाबांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून. विना अपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे.

‘‘बाबा, तुम्ही मागे आरामात बसा. इथले रूल्स वेगळे आहेत,’’ दादा म्हणाला. खरं तर गाड्या तिथंही डावीकडूनच चालतात. पण बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी साधारण 250 किलोमीटर. मधे एकही पेट्रोल पंप नाही. दुपारी बाहेर 45 डिग्री, एसी फुल, मागे कॅरॅव्हॅनचं ओझं. मागच्या सीटवरून बाबा दोनदा म्हणाले, ‘‘काटा वर चाललाय.’’ तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. बॉनेटमधून वाफ निघाली.

मोबाइलला रेंज शून्य. दादा तडक उतरून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात बाबा ओरडले, ‘‘हात लावू नकोस! उकळतं पाणी तोंडावर येईल.’’ दादावर ओरडलेले बाबा मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

होज पाइप फाटला होता. दादाचा चेहरा उतरला. ‘‘मागे एक रेस्ट एरिया लागला होता. सहा-सात किलोमीटर असेल. मी चालत जातो, कोणीतरी भेटेल.’’ निघताना यादी करून ‘गाडी सोडायची नाही’ हा रूल आम्हाला पाठ करायला लावणारा दादाच हे म्हणत होता. आउटबॅकमध्ये माणसं दगावतात ती बहुतेकदा अशीच. गाडी लांबून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

वहिनी रडायच्या बेतात. चिकूचे गाल लाल झालेले.

बाबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘घाटात गाडी बंद पडली की ड्रायव्हरनं पॅसेंजरला सोडून जायचं नसतं. बस.’’

आणि दादा बसला!

कॅरॅव्हॅनची कनात बाबांनी सावलीच्या बाजूला ताणली. आईनं पाण्याचे कॅन मोजले. आदल्या रात्री ‘‘अगं, किती भरतेस?’’ म्हणून मी तिला हसले होते. आता ती चिकूच्या मानेवर ओला नॅपकिन ठेवत होती आणि घड्याळ बघून प्रत्येकाला पाणी देत होती. बाबा चिकूला आंबा घाटातल्या धुक्याच्या गोष्टी सांगत होते. 45 डिग्रीत, धुक्याच्या!

तीनेक तासांनी रोड ट्रेन आली. तीन ट्रेलर ओढणारा पन्नासेक मीटरचा ट्रक. ड्रायव्हर उतरला, बाबांसोबत बॉनेटमध्ये डोकावला. भाषा एकाचीही दुसऱ्याला कळेना, पण दोघांनी एकाच वेळी मान हलवली. त्यानं रेडिओवरून निरोप पोचवला. रात्री टो-ट्रक आला.

कूबर पीडी हे 1915 पासूनचं ओपलच्या खाणींचं गाव. उन्हापासून वाचायला निम्मं गाव जमिनीखाली राहतं. आम्हीही तिथं खडकात कोरलेल्या गार खोलीत झोपलो. दिवा मालवल्यावर दादाचा आवाज आला, ‘‘बाबा, सॉरी.’’ उत्तर आलं नाही. बाबा घोरत होते.

होज बदलून परत निघालो, तेव्हा दादानं ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं आणि म्हणाला, ‘‘बाबा, पुढे बसा. काट्यावर लक्ष ठेवा.’’

मी आणि वहिनी मागे, सामानात कोंबलेल्या. तक्रार? अजिबात नाही.