समुद्राकडे पाठ करून!

फ्लॉरेन्सहून बस सुटली तेव्हा हिशोब सोपा होता : एक दिवस, पाच गावं, दोनशे फोटो! चिंक्वे तेर्रे म्हणजे ‘पाच भूमी’. मानारोलाची रंगीत घरं टिपून ट्रेननं वेर्नात्झाला उतरलो. धक्क्यावर गाइड म्हणाली, “आता समुद्राकडे पाठ करा.” मागे डोंगरभर द्राक्षमळे, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांवर तोललेले. १९९७ पासून युनेस्कोचा वारसा. पण अनेकांनी शेती सोडली, बांध ढासळत गेले. २५ ऑक्टोबर २०११ च्या मुसळधार पावसात डोंगरावरचा चिखल थेट गावात घुसला. माणसं गेली.

परतताना कॅमेरा चाळला. डोंगराचा फोटो एकच, तोही हललेला. तुम्ही जाल तेव्हा मागेही वळून बघा!