गाडी अडली दारात!

पहाटेचे पावणेचार झाले असतील. दाराची कडी वाजली. आमच्या वाड्यात अशा वेळी कडी वाजली की एक तर कुणी गेलेलं असतं, नाहीतर कुणी येणार असतं. या खेपेला येणार होतं. समोरच्या अण्णांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरायला तीन आठवडे अवकाश होता, पण पाणी गेलं होतं. रक्तदाब वाढलेला, म्हणून बाळंतपण नाशिकलाच करा असं आधीच सांगितलेलं. चांदवडहून नाशिक म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. अण्णांची जीप मात्र तयार होती. फक्त ती होती आत चौकात, आणि वाड्याच्या दरवाजात उभी होती आमची गाडी!

दरवाजा जुना, दगडी कमानीचा. होळकरांच्या रंगमहालाच्या बाजूला आमची आळी. पालखी आणि बैलगाडी जाईल एवढीच त्या कमानीची रुंदी. रात्री सगळ्यांत शेवटी आमची गाडी तिथं लावायची आणि सकाळी सगळ्यांत आधी काढायची, असा आमचा दोन घरांचा करार.

गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. माझ्या गुडघ्यांकडे पाहून मुलानं त्याची जुनी गाडी आम्हाला दिली. आठवडाभर ती सकाळी घुर्र घुर्र करून कशीबशी सुरू होत होती. “बॅटरी म्हातारी झाली वाटतं,” असं मी ह्यांना दोनदा म्हटलं. “संक्रांत होऊ दे,” असं उत्तर मिळालं. आणि त्या रात्री माझ्या कुड्याची फिरकी गाडीत पडली, ती शोधायला मी आतला दिवा लावला. फिरकी सापडली. दिवा तसाच राहिला! ह्यांनी अजून हे मला बोलून दाखवलेलं नाही, म्हणून मीच लिहून टाकते.

किल्ली फिरवली तर टक् आवाजसुद्धा नाही. ह्यांनी गिअरचा दांडा ओढून पाहिला. तो ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, खिळल्यासारखा घट्ट. तोवर आळीतले पाच-सहाजण जमले. “धक्का मारा, धक्का!” सुरू झालं. पण ‘पी’मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक खुंटी दातेरी चाकात अडकलेली असते. आमच्या गाडीची पुढची चाकं त्यामुळे जाम. चौघांनी पुढून गाडी उचलायचाही प्रयत्न केला, ती जेमतेम वीतभर हलली. शिवाय ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होतच नाही. तिच्या गिअरबॉक्समधलं तेल पंपानं खेळतं, आणि तो पंप इंजिन फिरलं तरच फिरतो. नुसती चाकं ढकलून काही उपयोग नाही. जीपच्या बॅटरीवरून वीज घ्यावी, तर जोडायच्या जाड तारा कुणाकडे नाहीत. मेकॅनिक महामार्गापलीकडे राहतो, त्याचा फोन बंद.

तिकडे ओसरीवर पोरगी भिंतीला धरून उभी. एक कळ येऊन गेली की ती दरवाजाकडे बघायची. मला तिच्याकडे बघवेना.

आणि मग मला ते झाकण आठवलं. दिवाळीत गाडी पुसताना जुन्या टूथब्रशनं दांड्याभोवतीची धूळ काढत होते, तेव्हा शेजारी नखाएवढं चौकोनी प्लॅस्टिकचं झाकण दिसलं होतं. त्यावर बारीक अक्षरांत ‘शिफ्ट लॉक’. मुलाला विचारलं होतं, तर म्हणाला होता, “आई, ते बॅटरी गेली तर लागतं. तुला नाही लागणार.”

ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’मधून निघू नये म्हणून आत एक कडी असते. ब्रेकवर पाय पडला की विजेच्या छोट्या चुंबकानं ती सरकते. वीजच नाही, तर ती सरकणार कशी? ही कडी कशासाठी, ते मी नंतर वाचलं. अमेरिकेत १९८६ साली ऑडी गाड्या आपोआप उसळतात म्हणून टीव्हीवर मोठा गाजावाजा झाला. १९८९ मध्ये सरकारी चौकशीचा निष्कर्ष आला, की लोक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होते. ही कडी रुळली ती त्याच सुमाराची.

मी घरात धावले आणि शिलाई मशीनचा छोटा पेचकस घेऊन आले. “आता काय शिवायला बसतेस?” असं कुणीतरी म्हणालंच. किल्ली एक खाच फिरवून ठेवली, म्हणजे स्टिअरिंग मोकळं राहतं. हँडब्रेक करकचून ओढला. डोक्यातल्या आकड्यानं झाकण उचकटलं. पायानं ब्रेक दाबून धरला, डाव्या हातानं दांड्याचं बटण दाबलं, उजव्या हातानं पेचकस त्या भोकात खाली रेटला. आत काहीतरी दबलं आणि दांडा लोण्यातून सुरी जावी तसा ‘एन’वर, न्यूट्रलवर आला.

इथवर सगळं छान. चूक पुढे झाली. दरवाजाबाहेर आळीला उतार आहे. मंडळींनी मागे रेटायला सुरुवात केली, मी हँडब्रेक सोडला, आणि गाडी कमानीतून सुटली ती आपल्या वजनानंच चालू लागली. मी ब्रेक दाबला. एकदा लागला, दुसऱ्यांदा लागला, आणि मग पायाखाली दगड आल्यासारखा कडक! इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत करणारा जोर दोन-तीन दाबांतच संपतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हाही ब्रेक लागतो, पण सगळं अंग त्यावर टाकावं लागतं. स्टिअरिंगही तितकंच जड. मागे समोरच्या घराचा ओटा, आणि ओट्यापुढे अण्णांचा धाकटा मुलगा हातवारे करत उभा. मी ओरडले आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. ओट्यापासून दोन हातांवर गाडी थांबली. उतरले तेव्हा माझे पाय लटपटत होते. अशा वेळी आधी चाकामागे विटा ठेवाव्यात, आणि गाडीमागे कुणालाही उभं राहू देऊ नये. आम्ही विटा नंतर लावल्या.

जीप निघून गेली. सव्वासहाला अण्णांचा फोन आला, मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर ते झाकण आजच शोधून ठेवा. सगळ्या गाड्यांना ते नसतं. काहींत ते पन्हाळीच्या आतल्या रबराखाली किंवा कातडी आवरणाखाली लपलेलं असतं, गाडीच्या पुस्तकात पान सापडेल. २०१४ साली सेलेरिओपासून आपल्याकडे ज्या एएमटी गाड्या पसरल्या, त्यांत गिअर विजेची यंत्रणाच टाकते. बॅटरी गेली की नुसता दांडा हलवून गिअर सुटत नाही. तिथं दुसऱ्या बॅटरीच्या ताराच हव्यात. हँडब्रेक बटणाचा असेल तर तोही विजेविना सुटत नाही. बटणानं सुरू होणारी गाडी असेल, तर रिमोटच्या पोटात दाराची छोटी किल्ली दडलेली असते, ती काढून पाहा. आणि न्यूट्रलमध्ये आणलेली ऑटोमॅटिक गाडी दोराला बांधून लांब ओढत नेऊ नये, गिअरबॉक्स जळतो. दोन-चार हात बाजूला घ्यायची तेवढीच. पुढे नेायची तर ट्रकवर चढवून.

नवी बॅटरी त्याच दिवशी आली. संक्रांतीची वाट कुणी पाहिली नाही. पेचकस आता गाडीच्या खणात असतो, आणि बाळाची झबली शिवताना मशीनची सुई बदलायची झाली की सासूबाई मला गाडीकडे पिटाळतात.