एक तोळ्याची गोळी

मागच्या वर्षी तीन महिने ऑनसाईट होतो, कोलोराडोला. क्लायंटच्या टीममधला एक आर्किटेक्ट (नाव नको, आपण त्याला साहेब म्हणू) दर शनिवारी गॅरेजमधे बसून काडतुसं भरायचा. दुकानात तयार मिळतात, पण हा स्वतःच भरणार. रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम. शिकार एल्कची, म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ. आपण गोंदियाचे. बंदूक म्हटलं की लहानपणापासून वनखातं, पोलीस आणि नक्षलवादी एवढंच डोळ्यासमोर येतं. त्यामुळे दोन-तीन शनिवार जाऊन नुसता बघत बसलो.

प्रकार वाटतो तितका फिल्मी नाही. एकदा उडालेली पितळेची केस घ्यायची, साफ करायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची. बुडाशी नवीन प्रायमर, आत दारू, वर गोळी. बस. पण दारू मोजताना साहेब रेडिओ बंद करायचा. बोलायचं नाही! एका ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत वजन. ग्रेन म्हणजे शब्दशः दाणा, जुन्या काळी जवाच्या दाण्यावरून ठरलेलं वजन. आपल्या सोनाराच्या गुंजेसारखंच.

इथे मला एक मजा सापडली. साहेबाची गोळी १८० ग्रेनची. इंग्रजांनी १८३३ साली भारतात तोळा पक्का केला तो किती? १८० ग्रेन! म्हणजे मॅग्नमची गोळी बरोब्बर एक तोळ्याची. साहेबाला सांगितलं तर तो इतका खूष झाला की गॅरेजच्या फळ्यावर 'तोळा' लिहून घेतलं, देवनागरीत :)

दुसरी गंमत आमच्या धंद्यातली. मॅग्नम काडतुसाच्या बुडाशी पितळेचाच एक जाड पट्टा असतो. तो गाजला हॉलंड अँड हॉलंडच्या १९१२ सालच्या .३७५ मॅग्नममुळे. त्या केसचा खांदा उतरता होता, म्हणून काडतूस चेंबरमधे नेमकं किती आत जाऊन थांबायचं हे पट्ट्यावर ठरायचं. .३०० विंचेस्टर आलं १९६३ साली. त्याला नीट खांदा आहे, पट्ट्याची खरं तर गरज नाही. तरी पट्टा आहेच! पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी कोडमधला फंक्शन, कुणी डिलीट करत नाही. आणि साहेबासारखे जाणते लोक केस मापात आणताना पट्टा सोडून खांदाच धरतात, नाहीतर पितळ दर वेळी ताणलं जाऊन पट्ट्याच्या जरा वर फाटतं.

बोलता बोलता उन्हाळ्याचा विषय निघाला. हिवाळ्यात बेतलेलं काडतूस कडक उन्हात जास्त दाब देतं. म्हणून भारत-आफ्रिकेसाठी जुन्या इंग्रज कंपन्या मुद्दाम मोठ्या केसची, कमी दाबाची 'नायट्रो एक्सप्रेस' काडतुसं काढायच्या. कॉर्डाइट नावाची त्यांची दारू तापट. मे महिन्यात आपल्याकडच्या रानात केस चेंबरमधे चिकटून बसली आणि जखमी वाघ समोर.. विचार करा.

आपल्याकडे तो खेळ संपला. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली, १९७२ साली वन्यजीव कायदा. शिकारीत मुरलेले नवेगावबांधचे माधवराव पाटील पुढे त्याच जंगलाचे जाणकार म्हणून चितमपल्लींच्या वाचकांना माहीत झाले. आता घरी काडतूस भरायचं म्हटलं तर शस्त्र कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. आणि ते योग्यच आहे.

पण याच १९५९च्या कायद्यात एक छोटी खिडकी आहे, जी साहेबाला समजावताना माझी दमछाक झाली. पिकाच्या राखणीसाठी तोंडाने भरायच्या बंदुकीचा परवाना. हीच आपली भरमार. माझ्या आजोबांकडे अर्जुनी-मोरगाव तालुक्यात होती. दारू, गादी, छर्रे, वरून गज. एक बार झाला की पुन्हा भरेपर्यंत डुकरं दुसऱ्या बांधीत. आई सांगते, आजोबा बहुतेक वेळा हवेतच उडवायचे. आवाज झाला की कळप पळायचा, धान वाचायचं. नेम धरून मारायचं तर आधी बघावं लागायचं, समोर डुक्कर आहे की शेजारच्याची गाय. आजोबा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली.

डुकरं मात्र जमा झाली नाहीत.

आता काही जण काय करतात? धुऱ्यावर उघडी तार आणि लाईनवर आकडा. रात्री टाकायची, पहाटे गुंडाळायची. साहेब दाण्याच्या दहाव्या भागाचा हिशोब करतो, आजोबा निदान डोळे फाडून बघायचे. तार काहीच बघत नाही. नागझिऱ्यात वाढलेला जय २०१३ साली चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. २०१६ पासून त्याचा पत्ता नाही. त्याचा पोरगा श्रीनिवास २०१७ साली नागभीडकडे शेतातल्या अशाच तारेला लागून मेला. माणसंही मरतात, रात्री पाणी बघायला निघालेली.

म्हणून मला मामाची काळजी वाटते. मामा साठीचा. शेजारच्याने तार लावलीय आणि याला चिडवतो. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "म्या तार नाही लावत बाप्पा. पण धान त राखाच लागते न? पंचनामा होते, पैसे येतेत, पण खाल्लेलं धान काई परत येत नाही." आणि रात्रभर डबा वाजवत, टॉर्च मारत बसतो.

सोलर कुंपण सुचवलं. त्यात सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता झटका असतो, मग मधे सेकंदभर काही नाही. जनावर दचकून सुटतं, आकड्यावरच्या तारेसारखं चिकटून राहत नाही. मामाला पटलं, पण त्याचा प्रश्न रास्त होता: "गवत वाढून तारेले लागलं त?" करंट जमिनीत जातो, झटका मेलेला. म्हणजे पावसाळाभर खालचं गवत कापत राहायचं. तेही कामच.

तीन एकर एका चौकोनात असते तर साडेचारशे मीटर तार पुरली असती. पण मामाच्या बांध्या तीन ठिकाणी विखुरल्यात, मधे नाला. पोळ्याला जातोय, टेप घेऊन मोजणार. मामीचा निरोप आलाय, बूट जुनेच घालून ये, चिखल लय आहे.