कुठले देशमुख?

अकोल्याहून निघालेली गाडी मूर्तिजापूर मागे टाकून बडनेऱ्याच्या वाटेला लागली, की समोरासमोर बसलेल्या दोन अनोळखी उतारूंपैकी एकाने आपले आडनाव देशमुख असल्याचे सांगावे आणि दुसऱ्याने तंबाखूची चंची बाजूस ठेवून तत्परतेने विचारावे, “कोन्या गावचे देशमुख होय, बाप्पा?”

प्रश्न रास्त आहे. देशमुखी ही जात नव्हे, तो हुद्दा होता. परगण्याचा वसूल आणि बंदोबस्त देशमुखाने पाहावा, दप्तर देशपांड्याने सांभाळावे, अशी ती वतनी व्यवस्था असल्यामुळे हे एकच आडनाव मराठ्यांत, ब्राह्मणांत आणि मुसलमानांतही आढळते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, पुढे परगणे गेले, वतने गेली, हुद्दा मात्र सहीत राहिला. ज्यांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून कुणब्यांच्या मुलांना विद्येचे दार उघडले, ते पापळचे पंजाबराव देशमुख मूळचे कदम. पण वऱ्हाडात नुसते ‘भाऊसाहेब’ म्हटले तरी पुरते, गाव कोणी विचारीत नाही.

आडनावामागोमाग गाव विचारण्याची ही रीत कोरियातही आहे. सेऊलच्या नामसान टेकडीवरून दगड भिरकावला तर तो किम, ली किंवा पाक यांपैकी कोणाला तरी लागणारच, असे कोरियन माणसे हसत सांगतात. जेथे पाचांत एक किम, तेथे ‘किमहेचे की ग्योंगजूचे?’ हे विचारणे ओघानेच आले. आणि आडनाव व मूळ गाव दोन्ही जुळले तर विवाह निषिद्ध, हा तिकडचा कायदा १९९७ साली घटना न्यायालयाने घटनेशी विसंगत ठरवीपर्यंत चालू होता. आपल्या सगोत्रविचाराशी याचे केवढे साम्य!

कुलाभिमान जेथे पंगतीतली पाने वेगळी मांडू लागतो, तेथे तो मला असह्य होतो. पण कडूंच्या लग्नात गोड्यांनी जिलेबी वाढली की व्याह्यांच्या आधी कडूच खळखळून हसतात, त्या हास्यातला अभिमान मला निर्मळ आणि फार प्रिय वाटतो. गाडीच्या त्या डब्यातही तसेच घडते. बडनेऱ्याच्या अलीकडेच एकाच्या मामाच्या गावी दुसऱ्याची आत्या दिलेली निघते, आणि फडक्यातली ज्वारीची भाकर व ठेचा दोघांच्या मध्ये येऊन बसतो.