दोन मोटारसायकली आणि एक वही

सेवानिवृत्तीनंतर माणसाला जुने हिशेब पुन्हा तपासून पाहण्याची सवय लागते. इतरांचे ताळेबंद तपासण्यात माझी पस्तीस वर्षे बँकेत गेली. स्वतःच्या ताळेबंदातील एक नोंद मात्र मी फार उशिरा नीट वाचली. ती नोंद एका मोटारसायकलची आहे. आपल्या बहुतेक घरांच्या वा दुकानांच्या दारात एखादी तरी दुचाकी उभी असते, म्हणून ती वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करतो.

१९९७ च्या दिवाळीत मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी एकाच दिवशी, एकाच बनावटीच्या शंभर सीसीच्या मोटारसायकली घेतल्या. भावाचा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. माल पाहणे आणि उधारी वसूल करणे यासाठी तासगाव, मिरज, जयसिंगपूर अशी त्याची रोजची फेरी असे; दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होत. माझी नेमणूक तालुक्याच्या गावी होती. घरापासून शाखा जेमतेम दीड किलोमीटर. सकाळी जाणे, दुपारी जेवणासाठी येणे, पुन्हा जाणे आणि संध्याकाळी परतणे, असा चार फेऱ्यांचा सहा किलोमीटरचा प्रवास. गावाबाहेर आम्ही एस.टी.नेच जात असू. ‘भावाची गाडी राबते, माझी आरामात आहे, तेव्हा माझी दुप्पट टिकेल,’ असे मी घसाऱ्याचे सूत्र सांगत सर्वांना पटवून देत असे. एम.कॉम.ची पदवी अशा वेळी फार उपयोगी पडते!

२००१ च्या मे महिन्यात नात्यातील एका लग्नासाठी मी प्रथमच पत्नीला मागे बसवून मोटारसायकलने सांगलीला निघालो. ऊन रणरणत होते, मुहूर्त गाठायचा होता, म्हणून गाडी वेगात घेतली. पंधरा-सोळा किलोमीटर गेल्यावर इंजिनाचा आवाज जड झाला. मी दुर्लक्ष केले. पुढच्याच क्षणी इंजिन जाम झाले, मागचे चाक अडकले आणि आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला फेकले गेलो. त्या क्षणी क्लच दाबला असता तर चाक मोकळे झाले असते. पण तेवढे भान राहिले नाही. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पत्नीचे उजवे मनगट मोडले.

भाऊ दुकानाचा टेम्पो घेऊन धावत आला. आधी वहिनीला दवाखान्यात पोहोचवले, मग गाडी उचलून फिटरकडे नेली. दोन दिवसांनी मी तिथे गेलो. फिटरने इंजिनाखालचा बोल्ट काढला. जिथे लिटरभराच्या आसपास तेल निघायला हवे होते, तिथे पावशेरही निघाले नाही. आणि जे निघाले ते काकवीसारखे दाट व काळेकुट्ट होते.

भावाने एवढेच विचारले, “अण्णा, तेल शेवटचं कधी बदललं होतं?”

“वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल,” मी म्हणालो. “पण दोन-अडीच हजार किलोमीटरच तर झालेत!”

तो काही बोलला नाही. फिटरने मात्र मला जे समजावले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने समजावले नव्हते. इंजिन सुरू झाले की इंधनाच्या ज्वलनातून पाण्याची वाफ निघते. त्यातील थोडी पिस्टनच्या कड्यांमधून खाली उतरते आणि थंड इंजिनात तिचे पाणी होऊन ते तेलात मिसळते. चोक ओढलेला असेल तर न जळालेले पेट्रोलही तेलात उतरते. गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालली, तेल चांगले तापले, की हे बहुतेक उडून जाते. दीड किलोमीटरच्या फेरीत तेल तापतच नाही. म्हणजे ज्या फेरीला मी आराम समजत होतो, तीच इंजिनाला सर्वांत जड होती. भावाची गाडी दिवसभर तापलेली राहत असल्याने तिचे तेल स्वच्छ राहत होते.

म्हणूनच गाडीसोबतच्या पुस्तिकेत तेल बदलण्यासाठी किलोमीटर आणि महिने असे दोन्ही दिलेले असतात, आणि त्यांपैकी जे आधी येईल ते धरायचे असते. मी फक्त किलोमीटर पाहिले. खात्यावर व्यवहार झाला नाही म्हणून कर्जाचे व्याज थांबत नाही, हे ग्राहकांना रोज सांगणाऱ्या माणसाला हे कळू नये, याचेच नवल!

माझ्या चुकीमागे जुन्या सवयीचाही भाग होता. त्यापूर्वी मी टू-स्ट्रोक स्कूटर वापरली होती. तिच्यात पेट्रोलबरोबर तेल घालावे लागे, त्यामुळे प्रत्येक वेळी तेलाची आठवण होई. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हळूहळू फोर-स्ट्रोक गाड्या घरोघरी झाल्या. तेल इंजिनाच्या पोटात गेले आणि आमच्या नजरेआड झाले. हेच तेल इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांनाही सांभाळते, शिवाय इंजिनाची उष्णताही वाहून नेते. ते कमी पडले की ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून लोखंडी सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो आणि अडकून बसतो. माझ्या गाडीत तेल कमी झाल्याचे सांगणारा दिवाही नव्हता.

त्या रात्री भावाने त्याची वही मला दाखवली. दुकानाच्या जुन्या रोजमेळाची मागची कोरी पाने होती ती. तारीख, मीटरचा आकडा, तेल बदलले की नुसते पाहिले, अशा नोंदी. दर पंधरवड्याला तो गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून, पट्टी पुसून तेल पाहत असे. यार्डात हळदीची धूळ फार, म्हणून एअर फिल्टर लवकर साफ करून घेई. पाठीमागे पोते असले तर चढाला वेळीच खालचा गिअर टाकी. ॲव्हरेज वाढावे म्हणून हळू वेगातही चौथ्या गिअरवर गाडी रेटत नसे. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर पिळत नसे. पहिला किलोमीटर सावकाश जाई. यातली एकही गोष्ट खर्चिक नव्हती.

मी कागदावर हिशेब मांडला. सव्वा वर्षात तेल तीनदा बदलले असते तर फार तर तीन-साडेतीनशे रुपये लागले असते. सिलिंडर बोअर करणे, नवा पिस्टन, कड्या आणि मजुरी मिळून साडेतीन हजारांवर गेले. दवाखान्याचा खर्च वेगळाच. बचत म्हणून जे मी मिरवत होतो, ती प्रत्यक्षात न केलेली तरतूद होती.

बोअर केल्यानंतर पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालवली आणि धातूचा कीस निघून जावा म्हणून तेल लवकर बदलले. त्यानंतर तीच गाडी मी आणखी तेरा वर्षे वापरली. भावाच्या गाडीचे इंजिन सव्वा लाख किलोमीटरपर्यंत उघडावे लागले नाही.

व्यापारी घरांत काटकसर रक्तातच असते. म्हणून एक सूचना आवर्जून करतो. मोटारीचे उरलेले तेल दुचाकीत ओतू नये. मोटारसायकलचा क्लच सहसा त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या अनेक तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे तेल घ्यावे. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी. काढलेले तेल गटारात न ओतता गॅरेजमध्येच द्यावे. आणि मुलांच्या हाती गाडीची किल्ली देताना एक लहानशी वहीही द्यावी.

आज माझा पुतण्या ती वही पुढे चालवतो आहे. थंडीच्या दिवसांत पत्नी पोळ्या लाटताना मध्येच थांबते आणि डाव्या हाताने उजवे मनगट चोळते. तिने आजवर एका शब्दाने मला बोल लावलेला नाही. मी मात्र त्या दिवशी खाली जाऊन पुतण्याच्या गाडीचे तेल पाहून येतो.