तिरकी पट्टी

वडिलांच्या वखारीतील ३६ इंची बँडसॉची फेन्स, म्हणजे लाकूड जिच्या आधाराने पात्याकडे सरकते ती पट्टी, गेल्या पावसाळ्यात तडकली. बिडाची होती, सांधण्यात अर्थ नव्हता. नवी ॲल्युमिनियमची, पण उंच निवडली. फळ्या उभ्या चिरायच्या तर उंची हवीच. टेबलाच्या कडेला भोके घेतली, आटे पाडले, रूळ बसवला आणि पट्टी टेबलावरील खाचेला काटेकोर समांतर लावली. पहिलीच सागाची फळी पाचरीसारखी निघाली.

मग आठवले, जुनी पट्टी तिरकी होती. तो वडिलांची नजर अधू झाल्याचा पुरावा, असे मी (मनातल्या मनात, पण कित्येक वर्षे) धरून चाललो होतो. वस्तुतः पाते आपल्या कलाने कापते. टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ ओढली, तिच्यावरून मोकळ्या हाताने अर्ध्यापर्यंत कापले, फळी तशीच धरून यंत्र थांबवले आणि त्या कोनात पट्टी आवळली. जुनीचा कलही त्याच बाजूला होता.

संध्याकाळी दुसरी फळी वडिलांच्या हाती दिली. त्यांनी दोन्ही टोकांची जाडी अंगठ्याने चाचपली आणि पात्याला धार कधी लावली होती, एवढेच विचारले.