क्रूझ, पडाव आणि एक खोटं

सिॲटलला लेकाकडे गेले होते, तेव्हा त्याने हौसेने अलास्काची सात दिवसांची क्रूझ घडवली. परतताना विचारलं, "आई, आवडली ना?" मी "हो तर!" म्हणून मोकळी झाले. ते खोटं होतं. आज इथे खरं काय ते लिहिते.

बोट मुळीच लागली नाही. जेवणालाही नावं ठेवायला जागा नव्हती. पण ते तरंगतं हॉटेलच! दुकानं, नाचगाणी, पोहण्याचे तलाव. समुद्र बघायला लिफ्टने वर जायचं. जुनोला उतरून मेंडेनहॉल हिमनदी पाहिली, पण अर्धं लक्ष घड्याळाकडे. जुनो अलास्काची राजधानी, तरी बाहेरून तिथे यायला रस्ता नाही. बोट नाहीतर विमान! हे ऐकलं आणि एकदम लहानपण आठवलं.

साठच्या दशकात आम्ही मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जायचो. डेकवर सतरंजी, वळकट्या, ट्रंका, ओकणारी पोरं... सुख कसलं? पण बोटीतून पडावात उतरलं की किनाऱ्यावर आजोबा उभे दिसायचे. सगळा शीण जायचा.

क्रूझवर सगळं होतं, फक्त पोहोचायचं कुठेच नव्हतं. जिथून निघालो तिथेच परत, आणि धक्क्यावर वाट बघणारं कुणी नाही. असो.

बाळा, तू हे वाचशीलच. रागावू नकोस. त्या सात दिवसांत आपण दोघं निवांत बोललो ते जुनोच्या बसमध्ये, अर्धा तास. मला तेवढंच आवडलं. पुढच्या वेळी तू इकडे ये. धक्क्यावर मी उभी राहीन.